नाशिकचे लहान घर कागदावर बेकायदा कसे झाले

१/
भिंतीतल्या कपाटामुळे राहते घर अडचणीत येऊ शकते, असे नाशिकबाहेरच्या माणसाला सांगितले तर तो हसेल. नाशकात कोणी हसत नाही. २०१५ च्या सुमारास या शहरातील हजारो सदनिकांचे पूर्णत्वाचे दाखले कपाटांवरून अडले. कुटुंबे राहायला गेली होती, कर्जाचे हप्ते सुरू झाले होते, दारावर तोरणे लागली होती. महापालिकेच्या दफ्तरी मात्र इमारत पूर्ण झालेलीच नव्हती. शहर या प्रकरणाला आजही ‘कपाटाचा प्रश्न’ म्हणूनच ओळखते.

२/
हा अपघात नव्हता. सत्तर वर्षांच्या भूमिधोरणाचा तो स्वाभाविक शेवट होता. या धाग्याचे म्हणणे एकच आहे: नाशकात जमिनीचा दुष्काळ कधीच नव्हता, दुष्काळ आहे तो कायदेशीर लहान घराचा. आणि तो नियमांनी निर्माण केला आहे. त्यातले बहुतेक नियम गरिबाचे नाव घेऊन लिहिले गेले, हे या इतिहासातले सर्वांत कटू सत्य होय.

३/
आरंभ जुन्या नाशकापासून. रविवार कारंजा, भद्रकाली, सराफ बाजार, पंचवटी या भागांतले वाडे म्हणजे शहराची मूळची भाड्याची घरे. एका वाड्यात मालक, चार-सहा बिऱ्हाडकरू, मध्ये चौक आणि आड. कारकून, शिक्षक, भिक्षुक, तांबट अशा सर्वांना शहराच्या मध्यभागी परवडणारी खोली मिळत असे. कोणत्याही शासकीय योजनेने ही घरे बांधली नव्हती. भाड्यातून वाड्याची डागडुजी होई आणि घरखर्चाला हातभार लागे, एवढ्या साध्या हिशेबावर ती उभी होती.

४/
तो हिशेब १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने मोडला. १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते, तेच ‘प्रमाण भाडे’ म्हणून गोठवले गेले. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे न्याय्यच होते. पण तात्पुरता उपाय अर्धशतक टिकला. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, बदलत्या काळाचा विचार न करणाऱ्या या तरतुदी आता वाजवी उरलेल्या नाहीत. तोवर वाड्यांची दुरुस्ती परवडेनाशी होऊन दोन पिढ्या उलटल्या होत्या.

५/
आजही दर पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि दर पावसाळ्यात कुठेतरी भिंत खचते. मालकाला बांधणे परवडत नाही, भाडेकरूला सोडणे परवडत नाही. जुने वाडे असे मोडकळीस आलेच; त्याहून मोठे नुकसान झाले ते न बांधल्या गेलेल्या घरांचे. भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा व्यवसायच मध्यमवर्गीय माणसाने सोडून दिला. तेव्हापासून शहरात पाऊल ठेवायचे तर एकरकमी पैसे किंवा बँकेचे कर्ज हवे. ज्याच्याकडे दोन्ही नाही, त्याच्यासाठी वाडा उरला नाही आणि वाड्याच्या जागी दुसरे काही आले नाही.

६/
दुसरा अध्याय १९७६ चा. नागरी जमीन कमाल मर्यादा कायदा आला. शहराच्या वर्गानुसार ५०० ते २,००० चौरस मीटरपेक्षा अधिक मोकळी जमीन कोणी बाळगू नये, जास्तीची सरकारने घ्यावी आणि तिच्यावर दुर्बल घटकांची घरे उभारावीत, हा हेतू. हेतूला नावे ठेवण्यासारखे काहीच नव्हते.

७/
परिणाम आकड्यांत पाहावा. देशभरात सुमारे २ लाख २० हजार हेक्टर जमीन अतिरिक्त ठरवली गेली. प्रत्यक्ष ताब्यात आली ती सुमारे १९ हजार हेक्टर. म्हणजे दहा भागांतला एक भागही नाही. उरलेली जमीन दावे, हरकती आणि कलम २० खालच्या सवलतींच्या अर्जांत अडकून पडली. जी जमीन सरकारची झाली नाही आणि मालकालाही विकता आली नाही, तिच्यावर एकही खोली बांधली गेली नाही. सवलत मिळवण्याची ताकद मात्र कोणापाशी होती, हे सांगायला संशोधनाची गरज नाही. केंद्राने हा कायदा १९९९ मध्ये रद्द केला. महाराष्ट्राने २००७ च्या नोव्हेंबरात. एकतीस वर्षे जमीन कुलूपबंद राहिली आणि त्याच एकतीस वर्षांत नाशिक गावाचे महानगर झाले.

८/
वाढीचा वेग ध्यानात घ्यावा. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी खानदेश, मराठवाडा आणि जिल्ह्याच्या दुष्काळी तालुक्यांतून माणूस खेचला. नोव्हेंबर १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची खेडी एकत्र करून महापालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत शहर साडेसहा लाखांचे होते, २००१ मध्ये पावणेअकरा लाखांचे, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार ५३ लोकांचे. वीस वर्षांत दुपटीहून अधिक. ही माणसे राहिली कुठे?

९/
त्यांतली पुष्कळशी ‘सिडकोत’ राहिली. हे उत्तर नीट समजून घेण्यासारखे आहे. अंबड, कामटवाडे, मोरवाडी परिसरातील शेतजमीन संपादन करून सिडकोने नवीन नाशिक वसवले. सहा योजना, वीस हजारांहून अधिक घरे. भूखंड लहान, घर एक-दोन खोल्यांचे, भिंतीला भिंत लागलेली, जमीन ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने. कारखान्यातल्या कामगाराला त्याच्या पगारात बसेल असे पक्के, कायदेशीर घर मिळाले. नाशिकच्या इतिहासात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे पुन्हा घडले नाही. त्याची किंमत जमीन देणाऱ्या शेतकऱ्यांनी मोजली आणि मोबदल्याची त्यांची तक्रार खोटी नव्हती, हेही याच ओळीत नोंदवायला हवे.

१०/
सिडकोचे घर परवडले याचे कारण अनुदानापेक्षा आकार हे होते. जमीन महाग झाली तरी जमिनीचा तुकडा लहान केला की घर आवाक्यात येते. मुंबईत चारकोप आणि गोराई येथे जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८० च्या दशकात हाच प्रयोग झाला. पंचवीस-तीस चौरस मीटरचे भूखंड आखून दिले, पाणी-रस्ते दिले. घर ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवले. महाराष्ट्राला ही विद्या येत होती. ती त्याने आपणहून विसरायला घेतली.

११/
सिडकोतल्या कुटुंबांनी पुढे काय केले? मुलगा मोठा झाला, सून आली, वर एक खोली चढवली. खाली दुकान काढले, मागे मोरी वाढवली. वाड्यानेही हेच केले असते. नियमाच्या भाषेत याला ‘वाढीव अनधिकृत बांधकाम’ म्हणतात. २०१८ मध्ये महापालिकेने अशा बांधकामांवर कारवाईचा पवित्रा घेतला तेव्हा नवीन नाशकात तीव्र असंतोष उसळला. ज्या वसाहतीने शहराचा घरांचा प्रश्न सर्वाधिक सोडवला, तीच वसाहत सर्वाधिक ‘अनधिकृत’ ठरावी, हा माणसांचा दोष की मोजपट्टीचा?

१२/
आता विकास आराखड्याकडे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याखाली नाशिक महापालिकेचा आराखडा १९९३ मध्ये मंजूर झाला. सुधारित आराखडा जानेवारी २०१७ मध्ये. मधली जवळपास पंचवीस वर्षे जुन्याच नकाशावर निघाली आणि त्याच काळात लोकसंख्या दुपटीच्या पुढे गेली. नकाशावर पिवळा रंग म्हणजे निवासी, हिरवा म्हणजे शेती. ज्या वर्षी शहराला घरे हवी होती, त्या वर्षी पिवळा रंग वाढला नाही, भाव वाढला.

१३/
हिरव्या रंगाची गंमत तर अशी की तो शेतीही वाचवत नाही. शेती विभागात घर बांधायला बंदी, पण ०.४ हेक्टर म्हणजे सुमारे एक एकर जमीन असेल तर फार्महाउसला परवानगी. अर्थ उघड आहे. एका एकरावर एका कुटुंबाचा बंगला चालतो, चार गुंठ्यांत चार कुटुंबांचे घर चालत नाही. शहराच्या कडेने फिरून पाहावे: हिरव्या पट्ट्यात द्राक्षबागेपेक्षा लग्नाची लॉन्स आणि आठवड्याच्या सुट्टीचे बंगले अधिक दिसतील. शेतकऱ्याची जमीन शेतीला राहिली नाही आणि घरालाही मिळाली नाही.

१४/
नकाशात जागा नसली म्हणून माणूस गाव सोडून जात नाही. तो गुंठेवारीत जातो. शेतकरी एक-दोन गुंठे विकतो, व्यवहार साध्या कागदावर होतो, सातबाऱ्यावर नावे चढत नाहीत, रस्ता दहा फुटांचा राहतो. १९४७ चा तुकडेबंदी कायदा शेतीसाठी होता. शहराच्या वेशीवर तो गरिबाच्या दाराची कडी झाला. राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणली. आधी मनाई, मग दंड, मग क्षमा: याला धोरण म्हणत नाहीत. जे वीस वर्षांनी नियमित करणे भाग पडते, ते पहिल्याच दिवशी नीट रस्ता आखून कायदेशीर का करू नये, याचे उत्तर कोणी देत नाही.

१५/
आरक्षणांचीही तीच कथा. शाळा, उद्यान, रुग्णालय, भाजी बाजार यांसाठी जागा राखणे आवश्यक आहे; शहराला मोकळा श्वास हवा. पण राखणे आणि विकत घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महापालिकेकडे पैसा नसतो, म्हणून नकाशावर शिक्का बसतो आणि दहा वर्षे काहीच होत नाही. मग कलम १२७ खाली मालक नोटीस देतो, न्यायालयात जातो, आरक्षण रद्द होते. शेवटी उद्यान होत नाही आणि दरम्यान घरेही होत नाहीत. वकील परवडणारा मालक सुटतो. नसणारा अडकून राहतो.

१६/
तपोवनातील साधुग्रामची जमीन हे याचे ठसठशीत उदाहरण. सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. नाशिकची ती ओळख आहे आणि साधुग्रामाला जागा लागणारच. परंतु बारा वर्षांतल्या एका वर्षासाठी उरलेली अकरा वर्षे शेतकऱ्याची जमीन आरक्षणाखाली ठेवायची, पर्वणी आली की तात्पुरता मोबदला द्यायचा आणि नंतर विसरायचे, हा व्यवहार धर्माचाही नव्हे आणि नगररचनेचाही नव्हे. जागा हवी असेल तर शहराने ती रीतसर विकत घ्यावी. घ्यायची नसेल तर मोकळी करावी.

१७/
आता कपाट. जुन्या नियमांत भिंतीबाहेर काढलेल्या कपाटाचे क्षेत्र ठरावीक मर्यादेत चटई क्षेत्र निर्देशांकातून वगळलेले असे. निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल याचे माप. शहरात हे माप अपुरे, जमीन महाग. म्हणून विकासकांनी कपाटाची जागा खोलीतच मिसळली आणि ग्राहकाला खोलीच्या भावाने विकली. वर्षानुवर्षे हे उघडपणे चालले, दाखलेही मिळत गेले. एके दिवशी महापालिकेने नियमाचे पुस्तक उघडले आणि दाखले थांबले.

१८/
नियम मोडला होता, यात वाद नाही. शिक्षा कोणाला झाली ते पाहावे. विकासकाचे पैसे वसूल झाले होते. दाखले देण्याची पद्धत ज्यांनी पाडली ते अधिकारी बदलून गेले होते. उरला तो सदनिकाधारक: पूर्णत्वाच्या दाखल्याविना घर विकताना भाव पडतो, बँक कुरकुरते, सोसायटीची कागदपत्रे रखडतात. ज्याने नकाशा कधी वाचला नव्हता, त्यालाच त्याचा जाब द्यावा लागला.

१९/
तोडगा काय निघाला, तेही बोलके आहे. सहा आणि साडेसात मीटरचे रस्ते दोन्ही बाजूंनी जागा घेऊन नऊ मीटरचे धरायचे, म्हणजे त्या भूखंडांवर अधिक निर्देशांक वापरता येईल आणि कपाटे त्यात बसतील, अशी वाट शोधली गेली. दुसरीकडे राज्याने २०१७ मध्ये अनधिकृत बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचे नियम आणले. इमारत तीच, भिंत तीच, कपाट तेच. काल धोकादायक असलेले आज शुल्क भरल्यावर निर्धोक झाले. तर मग मूळ नियम कोणाच्या सुरक्षेसाठी होता?

२०/
डिसेंबर २०२० पासून राज्यातील बहुतांश शहरांना एकात्मिक विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. नियम एकसारखे झाले, हा मोठा लाभ. पण गाभा बदलला नाही. गावठाणाबाहेर मूळ निर्देशांक १.१, नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तेवढाच. रस्ता रुंद होत गेला की शासनाला अधिमूल्य भरून आणि बाजारातून टीडीआर विकत घेऊन तो वाढतो. तीस मीटर व त्याहून रुंद रस्त्यावर ३ पर्यंत. म्हणजे आकाश आधी टंचाईग्रस्त करायचे आणि मग पट्टीने मोजून विकायचे. टंचाई हाच ज्याच्या उत्पन्नाचा मार्ग, तो टंचाई संपवील कशाला?

२१/
या रचनेत रुंद रस्त्यावरचा मोठा भूखंड आणि मोठे भांडवल असलेला विकासक जिंकतो. नाशिकच्या जुन्या वसाहतींतला दीडशे-दोनशे चौरस मीटरचा मालक अरुंद रस्त्यावर असतो. त्याला दोन मजले चढवून दोन भाडेकरू ठेवायचे असतात. त्याच्यासाठी वाट अरुंद आहे. शहराच्या पोटातली, पाणी आणि गटारे आधीच पोहोचलेली जागा अर्धी रिकामी राहते आणि नवी घरे जाऊन पडतात पाथर्डी आणि आडगावच्या पलीकडे, जिथे पाण्याची वाहिनी अजून यायची असते.

२२/
मग गरिबाचे काय? त्यासाठी नोव्हेंबर २०१३ मध्ये दहा लाखांवरच्या महापालिकांत नियम आला: ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पात वीस टक्के घरे अथवा भूखंड दुर्बल व अल्प उत्पन्न गटासाठी राखावेत आणि म्हाडामार्फत द्यावेत. २०२२ च्या आरंभी तत्कालीन गृहनिर्माण मंत्री जितेंद्र आव्हाड यांनी जाहीर आरोप केला की नाशकातील ही घरे म्हाडाकडे आलीच नाहीत. विषय विधान परिषदेत गाजला आणि मार्चमध्ये आयुक्तांची बदली झाली. बदली म्हणजे दोषसिद्धी नव्हे. पण नऊ वर्षे होत आली तरी गरिबाच्या घरांचा हिशेब कोणाच्याच टेबलावर पूर्ण नव्हता, हे त्यातून सिद्ध झाले.

२३/
दोष माणसांपुरता नाही. नियमाच्या घडणीतच आहे. ४,००० ला बंधन आणि ३,९०० ला मोकळीक, असा उंबरठा घातला की जमिनीचे तुकडे उंबरठ्याखाली पडणारच. तसे आरोप नाशकात झालेच. शिवाय वीस टक्के घरांचा तोटा शासन सोसत नाही. तो उरलेल्या ऐंशी टक्के ग्राहकांच्या दरात जातो. आणि एक योगायोग पाहावा: हिरव्या पट्ट्यात श्रीमंताच्या फार्महाउसचा हक्क जिथे सुरू होतो, तिथेच पिवळ्या पट्ट्यात गरिबाच्या घराचा हक्क सुरू होतो. एकाच एका एकरावर. फरक एवढाच की पहिला हक्क हमखास मिळतो.

२४/
आक्षेप येतील. पहिला: ‘शहरात सदनिका रिकाम्या पडल्या आहेत, टंचाई कुठली?’ २०११ च्या जनगणनेत देशाच्या नागरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी होती, हे खरे. त्याच सुमारास केंद्राच्या तज्ज्ञगटाने नागरी घरटंचाई सुमारे १ कोटी ८८ लाखांची मोजली. तिच्यातला पंचाण्णव टक्क्यांहून अधिक वाटा दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांचा, आणि सुमारे ऐंशी टक्के टंचाई एका घरात अनेकांनी कोंबून राहण्याची. रिकामी सदनिका आणि कोंबलेली खोली या एकाच बाजारात एकत्र नांदतात, कारण गुंतवणुकीचे घर बांधणे सोपे आहे आणि राहण्याचे लहान घर बांधणे कठीण.

२५/
दुसरा: ‘नियम सैल केले तर शहर बकाल होईल.’ नियमांत फरक करायला हवा. सप्टेंबर २००८ आणि ऑगस्ट २०१६ मध्ये गोदावरीने आपली हद्द स्वतः दाखवली. पूररेषेच्या आत घर नको, हा नियम शेजाऱ्याचा जीव वाचवतो. तो तसूभरही हलता कामा नये. जिना, अग्निसुरक्षा, उजेड, वारा यांचेही तसेच. पण भूखंड अमुकपेक्षा लहान नको, अरुंद गल्लीत तिसरा मजला नको, दुसरी चूल नको, हे नियम कोणाचाही जीव वाचवत नाहीत. ते फक्त ठरवतात की शेजारी कोण येणार नाही. आणि बकालपणाचेच म्हणाल, तर तो गुंठेवारीत मनाईमुळे आला आहे, परवानगीमुळे नव्हे.

२६/
तिसरा: ‘याचा लाभ बिल्डरलाच होईल.’ टंचाईचा सर्वांत मोठा लाभार्थी तो, ज्याच्या हाती जमीन आणि परवाना दोन्ही आधीपासून आहेत. बांधण्याचा हक्क थोड्यांकडे राहिला की ते भाव ठरवतात. अनेकांकडे गेला की भाव त्यांना ठरवतो. अमेरिकेतील ह्यूस्टनने १९९८ मध्ये शहराच्या आतल्या भागात किमान भूखंड ५,००० चौरस फुटांवरून १,४०० वर आणला आणि जुन्या वस्त्यांत हजारो लहान रांगघरे उभी राहिली. न्यूझीलंडच्या ऑकलंडने २०१६ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश निवासी जमिनीवर अधिक घरांना मुभा दिली. बांधकाम परवानग्या झपाट्याने वाढल्या. नाशिकने एवढे दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्याच सिडकोकडे पाहावे.

२७/
एक वाट मुंबई इलाख्यानेच घालून दिली होती. १९१५ च्या नगररचना कायद्यात जमीन हिसकावून न घेता एकत्र करून, रस्ते-मैदाने काढून, प्रत्येक मालकाला नीट आखलेला भूखंड परत देण्याची योजना होती. गुजरातने ती पुढे नेली. अहमदाबाद तिच्यावर वाढले. महाराष्ट्राने ती बाजूला टाकून आरक्षणाचा शिक्का जवळ केला. मखमलाबाद परिसरात स्मार्ट सिटीने अशी योजना मांडली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी विरोध केला. त्यांना अडाणी ठरवणे सोपे आहे. नकाशाने ज्यांना पिढ्यानपिढ्या फसवले, ते नव्या नकाशावर विश्वास ठेवतील कशाच्या बळावर?

२८/
तेव्हा मागणी साधी आणि नेमकी असावी. तीस ते पन्नास चौरस मीटरचे भूखंड प्रत्येक निवासी रेखांकनात हक्काने मान्य व्हावेत. जुन्या वसाहतींत सहा मीटरच्या रस्त्यावरही लहान घरांचे तीन मजले अधिमूल्याविना चालावेत. आरक्षित जमीन दहा वर्षांत घ्यावी, नाहीतर ती अर्जाविना आणि वकिलाविना आपोआप मुक्त व्हावी. हिरवा पट्टा उघडायचा तर मालकांना आधी त्यांचा भूखंड नकाशावर दाखवून, टप्प्याटप्प्याने उघडावा. वसूल झालेले अधिमूल्य त्याच प्रभागाच्या पाण्यावर आणि गटारांवर खर्च व्हावे.

२९/
आणखी दोन. वीस टक्के घरांची प्रकल्पनिहाय यादी, कोणत्या इमारतीत किती, म्हाडाकडे केव्हा, कोणाला, ही महापालिकेच्या संकेतस्थळावर कायम उघडी असावी. आणि बांधकामाची तपासणी जोत्यालाच व्हावी. विक्रीनंतर, माणूस राहायला गेल्यावर नव्हे. जोत्याला ज्या अधिकाऱ्याने सही केली, त्याच्या सहीची जबाबदारी सदनिकाधारकाच्या माथी येता कामा नये.

३०/
२०२५ मध्ये राज्याने नागरी क्षेत्रात तुकडेबंदी शिथिल करण्याचे पाऊल उचलले. उशिरा का होईना, लहान तुकडा हा गुन्हा नव्हे हे मान्य झाले. सिंहस्थ दारात आहे. रस्ते, घाट, पूल यांवर पैसा ओतला जाईल आणि त्या रस्त्यांलगतच्या जमिनीचे भाव चढतील. सिंहस्थाची कामे करायला आलेले मजूर पर्वणीनंतर याच शहरात राहतील. त्यांच्यासाठी नकाशात जागा ठेवली नाही, तर ती ते नकाशाबाहेर शोधतील आणि वीस वर्षांनी शासन पुन्हा एक नियमितीकरणाचा कायदा करील, दंडाच्या नव्या पावत्यांसह.